प्रकल्प नोंदी: ग्रंथपालबाईंचं व्यक्तिचित्र

१२ जून

करारावर सह्या झाल्या. एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या समितीला त्यांच्या निवृत्त होणाऱ्या ग्रंथपालबाईंचं व्यक्तिचित्र हवं आहे. लिननच्या कॅनव्हासवर तैलरंग, ३६ × २८ इंच, उभा आकार.

जागा पाहून आले. वाचनकक्षात दोन मोठ्या खिडक्यांच्या मधली भिंत. अशा भिंतीवर कुठलंही चित्र आहे त्यापेक्षा काळं दिसतं, कारण डोळा खिडक्यांच्या उजेडाला सरावलेला असतो आणि भिंतीकडे वळला की त्याला सावल्यांतलं काही सुटं करता येत नाही. म्हणजे मधल्या छटा मला एक पायरी वर उचलाव्या लागतील, आणि सावलीतलं जे दिसायला हवं ते मोठ्या आकारांत सांगावं लागेल. हे आत्ताच लिहून ठेवते. चित्र ईझलवर सुरेख दिसू लागलं की भिंतीचा विसर पडतो.

समितीच्या पत्रात तीन अपेक्षा आहेत: मागे पुस्तकांची कपाटं, छातीवर सन्मानपदक, मुद्रा गंभीर. बाईंबद्दल पत्रात एवढंच आहे की त्या कर्तव्यदक्ष आहेत.

पैसे तीन हप्त्यांत: कच्चं रेखाटन मंजूर झाल्यावर, रंगकाम निम्मं झाल्यावर, चित्र पोचल्यावर. मांडणीत बदल सुचवायचे ते फक्त रेखाटनाच्या टप्प्यावर. आणि एक कलम मी प्रत्येक करारात घालते: चित्र नकोसं झालं तर नष्ट करायचं नाही, मला परत करायचं. १९५४ साली ग्रॅहम सदरलंडने विन्स्टन चर्चिलचं चित्र केलं. ऐंशिव्या वाढदिवसानिमित्त ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ते त्याला भेट दिलं. चर्चिलला ते मुळीच आवडलं नाही आणि पुढे त्याच्या घरच्यांनी ते गुपचूप नष्ट केलं. तयारीची रेखाटनं तेवढी उरली. त्या रेखाटनांतलं डोकं पाहिलं की जे गेलं त्याची हळहळ अजून वाटते.

१८ जून

बाईंना पहिल्यांदा भेटले, त्यांच्या कार्यालयात नाही, तळघरात. तिथे फाटक्या पुस्तकांची दुरुस्ती चालते आणि ती त्या स्वतः करतात. लांब टेबल, शिकंजा, खळीचं भांडं, मेणवलेला दोरा. एका जुन्या कोशाचे फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) सुटे करून त्या पुन्हा शिवत होत्या. माझ्याशी बोलताना हात थांबले नाहीत. प्रत्येक फर्म्याची घडी हाडाच्या पट्टीने दाबून घ्यायच्या, मग सुई.

"मला नुसतं बसवून ठेवू नकोस हं," म्हणाल्या. "रिकामे हात घेऊन मला कुठे बघायचं तेच कळत नाही."

मी वही काढली आणि फक्त हात काढले. उजवा अंगठा बाहेरच्या बाजूला थोडा वळलेला आहे, वर्षानुवर्षं पट्टी दाबून. डाव्या हाताची बोटं कागद धरतात तेव्हा कागदावर जवळजवळ भार टाकतच नाहीत. दोन्ही हात एकाच माणसाचे, पण स्वभाव वेगळे. चित्र इथे आहे.

२१ जून

आज दिवसभर मोरोनी.

इटालियन चित्रकार जिओवान्नी बातिस्ता मोरोनीचं 'शिंपी' हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, साधारण १५६५ ते १५७०च्या दरम्यानचं. साधारण एक मीटर उंच, पाऊण मीटर रुंद, म्हणजे प्रमाण माझ्या कॅनव्हासच्या अगदी जवळचं. टेबलामागे उभा तरुण शिंपी, हातात कात्री, समोर काळं कापड आणि त्यावर खडूच्या पांढऱ्या खुणा. कापायला सुरुवात करणार तेवढ्यात त्याने वर पाहिलं आहे. ज्या काळात व्यक्तिचित्रं बहुतेक सरदारांची आणि धर्मगुरूंची होत, त्या काळात एका कारागिराला त्याच्या कामासकट, तेवढ्याच आदराने उभं केलेलं.

मला त्याच्याकडून काय घ्यायचं आहे ते नेमकं ठरवायला हवं. प्रभाव म्हणजे दिसणं उचलणं असं अनेकांना वाटतं: तोच तपकिरी अंधार, तोच खरखरीत फटकारा. तसं उचललेलं चित्र दुरून ओळखू येतं आणि जवळ गेल्यावर त्यात कुणीच राहत नसतं. जुन्या चित्रकाराकडे जावं ते विशिष्ट अडचण घेऊन. माझी अडचण अशी: बाईंचे हात कामात हवेत आणि चेहरा आमच्याकडे हवा. हात कामात असले की नजर खाली जाते, नजर वर आली की हात मॉडेलचे होतात.

मोरोनीचं उत्तर त्या कात्रीत आहे. कात्री उघडी आहे, पण कापडाला अजून लागलेली नाही. क्रिया थांबली आहे आणि संपलेली नाही. शिवाय त्याचं धड टेबलाकडे वळलेलं आहे, फक्त मान आमच्याकडे. गिऱ्हाईक आत आलं आणि त्याने पाहिलं. त्या पाहण्याला कारण आहे, म्हणून ती पोज वाटत नाही.

बाईंकडे कोण येतं? फाटलेलं पुस्तक घेऊन वाचक येतो. नजर तशी हवी: आधी पुस्तकाकडे जाणारी, मग माणसाकडे.

पेन्सिलीने लहान मांडण्या केल्या. टेबलाची कड चित्राच्या खालच्या चौथ्या भागात. हाडाची पट्टी घडीवर टेकलेली, अजून न ओढलेली.

२७ जून

समितीपुढे रेखाटनं ठेवली. सचिवांना टेबल खटकलं. त्यांचं म्हणणं, ग्रंथपाल म्हणजे प्रशासक, चित्रात त्या बांधणी कामगार दिसतील. त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती, बाईंचा मान कमी होईल ही काळजी होती. ती मला समजली.

मी मोरोनीची प्रत टेबलावर ठेवली आणि विचारलं, हा माणूस तुम्हाला लहान वाटतो का? कुणी लगेच बोललं नाही. मग एक वयस्कर सदस्य म्हणाले, "माझ्या संदर्भग्रंथाचा कणा त्यांनीच बसवून दिला होता." त्यानंतर बाकीच्यांनाही आपापली पुस्तकं आठवली.

ठरलं ते असं: टेबल राहील, हात राहतील. मागे कपाटं येतील, पण अंधारात, पुस्तकांच्या कण्यांच्या उभ्या लयीपुरती. पदक नाही. गंभीर मुद्रेबद्दल कुणी बोललं नाही, मीही विषय काढला नाही.

४ जुलै

स्टुडिओची तयारी. बैठकीची जागा उत्तरेच्या खिडकीशी. उत्तर गोलार्धात या खिडकीतून वर्षाचा बराचसा काळ थेट ऊन येत नाही, त्यामुळे सकाळपासून दुपारपर्यंत सावल्या फारशा सरकत नाहीत. खिडकीचा खालचा अर्धा भाग जाड कापडाने बंद केला, म्हणजे उजेड वरून उतरतो आणि डोळ्यांच्या खोबणीला, हनुवटीखाली स्पष्ट आकार मिळतो. माझ्यामागे भिंतीवर आरसा. आरशात चित्र उलटं दिसलं की सरावलेला डोळा पुन्हा नवा होतो. लिओनार्दोने ही युक्ती लिहून ठेवली आहे आणि मला तिच्याहून प्रामाणिक समीक्षक भेटलेला नाही.

कॅनव्हासला अस्तराचे दोन हात देऊन झाले होते. आज त्यावर कच्च्या अंबरचा (मातीतून मिळणारा तपकिरी रंग) पातळ करडा थर. पांढऱ्या पृष्ठभागावर कुठलीही छटा गडद भासते आणि माणूस घाबरून फिकं रंगवत जातो. मधल्या करड्यावर उजेड आणि अंधार दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असतात.

९ जुलै

पहिली बैठक. पंचवीस मिनिटं उभं राहणं, मग विश्रांती. पायांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखल्या, टेबलाच्या पायांच्याही. बाईंनी स्वतःची हत्यारं आणि एक खरंच दुरुस्तीला आलेलं पुस्तक आणलं. खोटं काम करायला त्यांनी साफ नकार दिला. विश्रांतीत त्या शिवत बसतात, पुन्हा उभ्या राहिल्या की हात आपोआप जागेवर येतात.

कोळशाने फक्त मोठे आकार. डोकं, खांद्यांचा उतार, दोन्ही कोपरांमधला त्रिकोण.

छायाचित्रंही काढली, पण ती पोशाखाच्या चुण्यांपुरती वापरणार. कॅमेरा जवळ नेला की पुढे असलेला हात फुगतो, आणि सावलीतले रंग एका काळ्यात बुडतात. माणसाचा डोळा त्या सावलीत हिरवट, जांभळट, उबदार असं सगळं पाहत असतो. ते फक्त समोर उभं राहूनच मिळतं.

११ जुलै

रेखाटन पक्कं. अंबरने रेषा बांधल्या, कोळसा झटकला.

१६ जुलै

बाई काळा कोट घालून आल्या. "हाच मी रोज घालते, याला खळीचे डाग दिसत नाहीत." (दिसतात, आणि ते फार सुंदर करडे डाग आहेत.)

तर आता काळ्याचा प्रश्न, आणि त्यासाठी स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ. १६५० साली रोममध्ये त्याने हुआन दे पारेहाचं चित्र केलं. पारेहा त्याच्या कार्यशाळेत राबणारा गुलाम होता आणि स्वतः चित्रकारही. पोप दहाव्या इनोसंटचं मोठं काम पुढ्यात होतं, त्याआधी हाताला सराव म्हणून वेलास्केझने हे चित्र केलं असं सांगतात. रोममधल्या पँथिऑन या प्राचीन वास्तूत ते लोकांपुढे मांडलं गेलं. त्याच वर्षी त्याने पारेहाला मुक्त करण्याच्या कागदावर सही केली, जरी प्रत्यक्ष सुटका आणखी चार वर्षांच्या सेवेनंतर होती. हे सगळं माहीत असताना त्या चित्रातली ताठ मान पाहणं सोपं नाही. ज्याला कायद्याने वस्तू ठरवलं होतं तो माणूस रंगवणाऱ्याकडे बरोबरीने बघतो आहे.

चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि त्यांनी मोठ्या आकाराचं छायाचित्र सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे. मी खऱ्या मापाची छापील प्रत ईझलशेजारी लावली आहे. कपडे जवळजवळ करड्या-काळ्याच छटांचे. पण त्यात थंड करडा, हिरवट करडा, उबदार तपकिरी करडा असे शेजारी शेजारी बसले आहेत की कापड श्वास घेतं. पार्श्वभूमीही त्याच घराण्यातली. रंग म्हणावा असा रंग फक्त त्वचेत, म्हणून ती इतकी जिवंत.

म्हणून पॅलेट आवळली: पिवळा ऑकर, शेंदरी, आयव्हरी ब्लॅक, पांढरा. स्वीडनच्या आन्डर्स झोर्नच्या नावाने ही पॅलेट ओळखली जाते. निळा नाहीच. पण आयव्हरी ब्लॅकमध्ये पांढरा घातला आणि शेजारी शेंदरी-ऑकरची त्वचा ठेवली की तोच करडा निळा दिसू लागतो. ऑकरमध्ये काळा गेला की शेवाळी हिरवा, आणि मागच्या पुस्तकांच्या कण्यांना मला तोच हवा होता. ट्यूबमधला झळझळीत हिरवा त्या अंधारात ओरडला असता.

पांढऱ्याबद्दल. टायटॅनियम झाकतो छान, पण थंड आणि खडूसारखा होतो. झिंकचा थर वर्षांनी ठिसूळ होऊन भेगाळतो, मी वापरत नाही. त्वचेच्या उजेडाला थोडा शिशाचा पांढरा: तो उबदार आहे आणि त्याचा थर लवचीक राहतो. विषारी आहे, म्हणून हातमोजे, वाळल्यावर घासायचं नाही, आणि त्या टेबलावर खाणं-पिणं बंद.

२३ जुलै

घरकामाचा दिवस. ब्रश धुतले, पॅलेट खरवडली. जवसाच्या तेलाच्या चिंध्या पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात. हे तेल नुसतं सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. चोळामोळा करून टाकलेल्या चिंध्या काडी न लावता पेटू शकतात. स्टुडिओत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी रंगाआधी हा डबा दाखवते.

अंबरचे भाग खडखडीत वाळले आहेत (त्यातलं मँगनीज वाळणं वेगात आणतं), कोटाचा काळा अजून ओला. काळ्याच्या वर काही चढवायची घाई नाही. खालचा थर सावकाश वाळणारा आणि वरचा झटपट वाळणारा झाला की वरच्याला तडे जातात.

६ ऑगस्ट

आजची बैठक फक्त हातांची.

दोन प्रती समोर ठेवल्या. एक रेम्ब्रांटचं १६५४चं यान सिक्सचं चित्र. सिक्स हातमोजा चढवतो आहे आणि ते हात पाच-सहा रुंद फटकाऱ्यांत संपवले आहेत. चेहरा मात्र सावकाश, मऊ. त्यामुळे हात हलतात आणि चेहरा थांबतो. दुसरी सा. ल. हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप'ची, जे मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. चित्रासाठी त्यांची मुलगी हातात दिवा घेऊन उभी होती. ज्योतीच्या आड धरलेल्या तिच्या बोटांतून तांबडा उजेड झिरपतो. आणि हे जलरंगात, जिथे उजेड म्हणजे न रंगवता सोडलेला कागद. लहानपणी कॅलेंडरवर पाहिलेलं हे चित्र मी चित्रकार झाल्यावर पुन्हा नीट पाहिलं, तेव्हा कळलं की बोटांच्या कडा कुठेही रेषेने बंद केलेल्या नाहीत. कड वितळते, म्हणून त्वचेच्या आत उजेड आहे असं वाटतं.

रेम्ब्रांटचा धीटपणा उजव्या हाताला, हळदणकरांची कड डाव्याला. उजवा हात पट्टी दाबतो, तिथे जाड रंग, चौकोनी ब्रश, एकदा ठेवला की पुन्हा स्पर्श नाही. डावा कागद धरतो. पान अर्धपारदर्शक आहे, खिडकीचा उजेड पानातून बोटांवर येतो. तिथे पातळ थर, ओल्यात ओलं, बोटांच्या टोकांच्या कडा पानात विरलेल्या. बाईंचे दोन वेगळ्या स्वभावांचे हात दोन वेगळ्या रंगलेपनांनी आले, आणि ते जुळतात.

संध्याकाळी दुरून पाहिलं. नजर आधी उजव्या हातावर, मग पानावरून डाव्यावर, मग बाहीवरून चेहऱ्याकडे. चेहरा अजून नुसत्या छटांचा आहे आणि तरी त्या कुणीतरी आहेत. खूप आनंद झाला.

७ ऑगस्ट

काही केलं नाही. हातांना हात लावायचा मोह होतो, म्हणून कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला.

२० ऑगस्ट

निम्म्या कामाची पाहणी. सचिव आणि ते वयस्कर सदस्य आले. हात पाहून सचिव बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे त्यांचेच." चेहऱ्याबद्दल मात्र विनंती: सुरकुत्या थोड्या कमी करता येतील का, लोक वर्षानुवर्षं पाहणार आहेत.

ही विनंती प्रत्येक कामात येते आणि तिला फटकन नकार देणं मला पटत नाही. सुरकुती म्हणजे रेषा नव्हे, छटेचा लहानसा उतार आहे. हातभर अंतरावरून ती रेषा दिसते, पण हे चित्र वाचनकक्षात आठ-दहा पावलांवरून बघितलं जाणार. त्या अंतरावर गालावरच्या बारीक रेघा बाईंच्या खऱ्या चेहऱ्यातही दिसत नाहीत, मग चित्रात कशाला? त्या मी काढणारच नव्हते. पण भुवयांमधली उभी खाच आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून निघणारा पंखा आठ पावलांवरूनही दिसतो, कारण तो हाडांच्या आणि सवयीच्या आकाराचा भाग आहे. तो राहील. हे दोघांना खोलीच्या टोकाला नेऊन, बाईंना समोर उभं करून दाखवलं. पटलं.

बाई म्हणाल्या, "बारीक अक्षरं वाचून झाल्यात त्या सुरकुत्या. ठेव."

२ सप्टेंबर

चेहरा. इथे गेले काही दिवस वेल्श चित्रकार ग्वेन जॉनची चित्रं सोबत आहेत. पॅरिसजवळच्या म्योदों इथल्या ख्रिस्ती मठातल्या नन्सनी तिला आपल्या संस्थापिकेचं, मेर पुसपँचं, चित्र करायला सांगितलं. पुसपँ १७४४ साली वारलेली, आधाराला होतं प्रार्थनेच्या कार्डावरचं एक छोटं चित्र. ग्वेनने ते काम अनेक वर्षं केलं, एकाच मांडणीची पुन्हा पुन्हा नवी चित्रं. मागणीवरचं काम, मॉडेल हयात नाही, मांडणी ठरलेली, आणि त्यातून तिची सर्वांत शांत, सर्वांत स्वतःची चित्रं निघाली. मागणीचं काम म्हणजे स्वतःच्या कामातून काढलेला वेळ, असं जे आपल्यात बोललं जातं ते मला त्यामुळे कधी खरं वाटत नाही. अट घालणारा दुसरा कुणी असतो, म्हणून मी एरवी ज्या वाटेने गेले नसते तिथे जाते. टेबल, काळा कोट, दोन खिडक्यांमधली भिंत यातलं काहीच मी स्वतः निवडलं नसतं.

तिच्याकडून घेतलं ते छटांचं जवळ असणं. तिच्या चेहऱ्यांत सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांत अंतर फार थोडं, आणि रंग कोरडा, जवळजवळ तेलाशिवाय. बाईंच्या चेहऱ्याला तसंच केलं. हातांत जोरदार विरोध, चेहऱ्यात तो मिटलेला. भिंतीवरचा काळसरपणा लक्षात घेऊन डोळ्यांच्या खोबणीतली सावली ठरवल्यापेक्षा उजळ ठेवली.

९ सप्टेंबर

नजर. बाईंना सांगितलं, दाराकडे बघा, कुणीतरी कणा तुटलेलं पुस्तक घेऊन आलंय. त्यांनी खरंच आधी हाताच्या उंचीवर पाहिलं, मग वर. वरची पापणी बुबुळावर किती उतरते तेवढंच टिपायचं होतं. मिळालं. डोळ्यातला उजेडाचा ठिपका लावला आणि पुसून टाकला, त्याने नजर चकचकीत होत होती.

३० सप्टेंबर

कपाटांचे कणे आणखी दाबले, मधला एकच शेवाळी पट्टा राहू दिला. कोटावरचे खळीचे डाग आले. सही डाव्या खालच्या कोपऱ्यात, टेबलाच्या कडेला.

१४ नोव्हेंबर

चित्र भिंतीवर चढलं. दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून, दिवे बंद करून पाहिलं. मधल्या छटा टिकल्या, हात दारातून वाचता येतात, कपाटं हवी तेवढी मागे गेली. चौकट साधी, गडद, आतल्या बाजूला अरुंद पट्टी. काच नाही, तिच्यात समोरची खिडकीच दिसली असती.

समितीला लेखी दिलेल्या सूचना: ओल्या फडक्याने पुसायचं नाही, मऊ कोरड्या ब्रशने वर्षातून एकदा धूळ काढायची, वर बल्ब लावायचा असेल तर आधी मला विचारायचं. वार्निश आत्ता लावलेलं नाही. काळा भाग पूर्ण वाळायला वेळ लागेल, म्हणून पुढच्या जूनमध्ये येऊन, सहज काढता येईल असं वार्निश जागेवरच लावून देणार.

शेवटचा हप्ता जमा झाला. हातांचा तो पहिला पेन्सिलीचा अभ्यास बाईंनी मागितला, दिला. त्या बदल्यात माझी रेखाटनवही नेली, तिची शिलाई सुटत आली आहे.

ईझलवर आता दोन भावांचं दुहेरी चित्र. एकाला उभं राहवत नाही, दुसऱ्याला बसवत नाही. डच चित्रकार फ्रान्स हाल्सच्या गटचित्रांतल्या बसलेल्या आणि उभ्या डोक्यांच्या उंचीपासून सुरुवात करते.